बाटल्यांची रांग

कंपाउंडरनं माझी बाटली चपलेच्या टोकानं पायरीवरून खाली सरकवली. बाटली मातीत लवंडली.

"खाली ठेव म्हणून सांगितलं ना? वर वाडीवाल्यांच्या बाटल्या."

मी ती उचलली, पदरानं पुसली आणि मातीत उभी केली. कडेवर माझी चंद्रा होती. चार वर्षांची. जुलाब-उलट्यांनी नुसतं चिपाड झालेली.

त्या सरकारी दवाखान्यात रांग माणसांची नव्हती. बाटल्यांची होती. औषधाला बाटली ज्यानं त्यानं घरून आणायची, पायरीवर ठेवायची आणि बाजूला बसायचं. कंपाउंडर एकेक बाटली उचलून हाक मारायचा, मग आत डॉक्टरांकडे जायचं. केळीच्या, पानाच्या वाड्या असलेल्यांच्या बाटल्या वरच्या पायरीवर. आम्ही गास गावाकडच्या मिठागरावर राबणारे, जातीनं अस्पृश्य. आमच्या बाटल्या खाली मातीत. वरची पायरी रिकामी झाल्याशिवाय त्यांना हात लागायचा नाही. स्वराज्य आलं होतं म्हणे. त्या पायरीपर्यंत काही पोचलं नव्हतं.

मी उजाडताच आले होते. माझी बाटली सगळ्यांच्या आधीची. पण वरची पायरी रिकामी होते कुठली? वाड्यांवरचे गडी यायचे, मालकाची बाटली ठेवायचे. आजारी माणूस घरी झोपाळ्यावर. एका मालकिणीला म्हणे झोप लागत नव्हती. तिची बाटली भरून गेली, आणि इकडे माझी पोर डोळे फिरवायला लागली.

मी कंपाउंडरपुढे गेले. "दादा, पोरगी डोलं उघडीत नाय. येकडाव बघा ना तिला."

"तुझ्यासाठी रांग मोडू होय? बस गुमान."

बसले. लहानपणापासून आम्हाला बसायचंच शिकवलेलं.

"आये, पानी," चंद्रा म्हणाली. विहीर समोरच होती, पण आम्ही शिवायची नाही. तिला ओट्याच्या कडेला निजवून, कुणी वरून पाणी घालतंय का ते बघायला मी उठले. ओंजळ भरून आले तर तिची मान कलंडलेली. ते पाणी कुठे गेलं मला आठवत नाही.

माझा हंबरडा ऐकून डॉक्टर बाहेर आले. नाडी बघितली. म्हणाले, "अगं, आधी का नाही आणलंस?"

काळीज फाटलं माझं. पोर गेली तेव्हा फाटलं, आणि हे ऐकून पुन्हा.

"सकालधरनं हितंच हाय मी."

डॉक्टरांनी कंपाउंडरकडे पाहिलं. कंपाउंडरनं पुढची बाटली उचलली.

पावसाळा सरल्यावर शेजारच्या सखूचं पोर तापानं फणफणलं. मी तिच्याबरोबर गेले. सखू सवयीनं बाटली मातीत ठेवायला वाकली. मी तिचा हात धरला. पोर घेतलं, पायऱ्या चढले आणि थेट डॉक्टरांच्या खोलीच्या उंबऱ्यात उभी राहिले.

कंपाउंडर किंचाळला, "विटाळ केलास! उतर खाली!" पण मला ओढायचं तर शिवावं लागलं असतं. तो लांबूनच ओरडत राहिला.

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, बाटली नाय आनली. मानूस आनलाय. आधी मानूस बघा."

डॉक्टरांनी हातातलं काम टाकलं आणि पोर घेतलं.

ते पोर वाचलं. सखू गळ्यात पडून रडली. मला आनंद झाला नाही, खरं तेच सांगते. एवढं सोपं होतं. एवढ्यासाठी माझी चंद्रा गेली.

आता कामावर जाण्याआधी मी रोज त्या दारात जाऊन उभी राहते. जो जास्त आजारी, तो आधी आत; डॉक्टरही आता त्यालाच आधी बघतात. मग वाडीवाला असो की मिठागरवाला. कंपाउंडर शिव्या घालतो. वाडीवाल्यांनी दम भरलाय. नवरा म्हणतो, मिठागरावरून काढतील आपल्याला.

काढू देत. त्या दाराबाहेर वाट बघत आणखी एक पोर मी मरू देणार नाही.