माझ्या मरणाची खोटी बातमी

आधीच सांगून टाकते... मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. भूत, करणी, अंगात येणं, असलं काही स्टाफरूममध्ये कुणी सुरू केलं की मी पुरावा मागते, आणि मग लोक चहा संपवून उठतात. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. पण घडलं ते घडलं.

आम्ही वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहतो. शाळा मात्र बल्लारपूरची. आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, आणि पन्नाशी गाठायच्या आतच त्यावर वाढदिवसांपेक्षा श्रद्धांजल्या जास्त यायला लागल्या. मला ते सहन होईना. शेवटी लॅपटॉप उघडला आणि गेलेल्या सगळ्यांना एक्सेलमध्ये मांडलं. नोकरी, कोळशाची धूळ, दारू, बीपी, आईवडील किती जगले... काहीच जुळेना. मग सहज शाळेतल्या गोष्टी टाकल्या, आणि एक जुळली. गेलेले बहुतेक जण आमच्या लेझीम पथकातले होते. पथकातल्या उरलो होतो दोघीच — मी आणि शेवंता.

एवढ्याशा आकड्यांवरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे मी दरवर्षी पोरांना बजावते. पण झोप उडाली ती उडालीच. आता पाळी माझी, हेच डोक्यात.

शेवंता एटापल्लीला अंगणवाडी चालवते. तिला फोनवर सांगितलं तर उसळलीच. "बह्याड झाली का तू? मेलेल्यायले मोजत काऊन बसली? जित्यायले एखादा फोन तरी करत जा!" मी चिडून फोन ठेवला. मग आमचं बोलणंच बंद.

त्यानंतरची ही मार्चमधली सकाळ. हे ड्युटीवर, मुलगी पुण्यात. गच्चीवर मिरच्या वाळत घालत होते, तर एक कावळा आला आणि थेट माझ्या डोक्यावर बसला! नखं टोचली. हाकलला, डोकं धुतलं, विषय संपला. आमच्याकडे जुनी माणसं याला फार भितात. कावळा डोक्याला शिवला की तो माणूस मेल्याची खोटी बातमी नातेवाइकांत सोडायची. ते खरंच रडले की संकट टळतं म्हणे. मला हे ठाऊक होतं, म्हणून तर कुणाला बोलले नाही. ह्यांनाही नाही.

पेपर तपासायचे होते म्हणून फोन सायलेंटवर टाकला. दुपारी जेवून बघते तर मिस्ड कॉलची रांग, आणि ग्रुपवर शेवंताचा सकाळचा मेसेज — "आपली वंदना गेली."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिला फोन लावला, लागेना. 'मी जिवंत आहे' असं ग्रुपवर लिहिणार, तोच दार वाजलं. बाहेर दिनेश, आमच्याच बॅचचा, बल्लारपूरहून बायकोला घेऊन आलेला. डोळे सुजलेले, हातात हार. मला बघितलं आणि तो पायरीवर मटकन बसला.

"मायबाई! वंदने, तू... जित्ती हायेस?"

"नाही, मेले! घाल हार!"

आत बसवून असं काही झापलं मी त्यांना... बिचाऱ्यांचा काय दोष? पण राग आवरेना. बोलता बोलता घाम फुटला. जबडा दुखायला लागला. मला वाटलं, रागाचंच असेल.

दिनेश एकदम उठला. "वंदने, पंख्याखाली उभी हायेस त घाम काऊन येऊन राह्यला? माह्या भावाले असंच झालं होतं. चाल, बस गाडीत." मी नाही नाही म्हणत होते, त्याच्या बायकोने अक्षरशः ओढत नेलं.

हार्ट अटॅक होता. घरी एकट्याच राहिला असतात तर कठीण होतं, डॉक्टर म्हणाले.

वॉर्डात हलवल्यावर शेवंता आली, एसटी बदलत बदलत, जवसाच्या चटणीचा डबा घेऊन. तिला फैलावर घ्यायचं ठरवलं होतं, पण तिला बघितलं आणि रडायलाच आलं. मग विचारलं, "तुले कावळ्याचं कोणी सांगितलं?"

"कोणी म्हंजे? तूच त! सकाळी फोन आला तुहा. म्हणे, शेवंते, डोक्यावर कावळा बसला, मले भेव वाटून राह्यलं, सगळ्यायले सांग. मी पहिले पोटभर रडली, मंग मेसेज टाकला."

मी फोन केलाच नव्हता. दोघींचे मोबाइल पलंगावर ठेवून त्या सकाळचे कॉल पाहिले. माझ्यात तिचं नाव नाही, तिच्यात माझं नाही. "तुहाच आवाज होता, वंदे. मी का तुहा आवाज ओळखत नाई?" ती म्हणाली. तिला स्वप्न पडलं म्हणावं, तर कावळा कसा कळला? आणि भीती वाटतेय, हे तर मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

घरी आले त्या दिवशी अर्धी बॅच क्वार्टरवर जमली. दिनेशने पुन्हा हार आणला होता. या वेळी मीच मान पुढे केली.

पुरावा मागणारी मी तुम्हाला याचा पुरावा देऊ शकत नाही. ती एक्सेलची फाइल मात्र पुन्हा उघडलेली नाही. आता रोज सकाळी जिवंत असलेल्यांना फोन लावते. पहिला एटापल्लीला.

"शेवंते, हायेस का?"

"हाव बाई, हाये. अन् तू?"

मीपण आहे.