धुळे ते नागपूर, पाच थांबे

बॅटरीवरची गाडी घेतल्यापासून मी घरात फक्त आकड्यांत बोलतो, असं बायको म्हणते. खोटं नाही. कंपनीने सांगितलेलं अंतर मी कधी धरलंच नाही. मे महिन्यात, एसी लावून, चार माणसं बसवून माझी गाडी दोनशे साठ किलोमीटर जाते. तीनदा मोजलं आहे. धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या दारापासून नागपूर पाचशेच्या थोडं वर. म्हणजे मलकापूर आणि अमरावती, असे दोन थांबे.

नागपूरला अक्काच्या पहिल्या नातवाचं बारसं होतं. अक्का ही माझी थोरली बहीण, अमळनेरला असते. मोठे भाऊ, म्हणजे नाना, आपली डिझेलची गाडी काढणार होते. त्यांनी माझा थांब्यांचा कागद चष्मा वर सरकवून वाचला.

"दोनदा तास-तासभर बसून राहायचं? मी एका दमात अकोला गाठतो."

"गाठा."

"मुक्ताईनगरला अडकलास तर मुक्ताईला साकडं घाल. मला फोन करू नको."

अक्काने दोघांनाही नकार कळवला होता. गुडघे दुखतात म्हणाली. नानांनी ते खरं मानलं, मीही मानलं.

पुढच्या आठवड्यात ती गुडघे दाखवायलाच धुळ्याला आली. जेवणं झाल्यावर तिने तो कागद मागून घेतला.

"थांबशी म्हंजे कितला वेळ?"

"पन्नास मिनिटं."

"तठे बाईमाणूसले जावाले जागा शे का?"

मला माहीत नव्हतं. कागदावर चार्जर होते, अंतर होतं, बॅटरीचे टक्के होते. हा रकाना नव्हता.

अक्काने कागद परत दिला, तेव्हा बायको बोलली. लांबच्या प्रवासाला निघायचं म्हटलं की घरातल्या बायका आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणं तोडतात. गाडी थांबवा म्हणायची लाज वाटते, आणि थांबवली तरी पुरुषांची तोंडं वाकडी होतात. मागे एका लग्नाला नागपूरला जाताना अक्काने उन्हात सगळा दिवस घोटभर पाण्यावर काढला आणि लघवीच्या त्रासाने लग्नाचा दिवस अंथरुणात गेला. तेव्हापासून ती लांब कुठे गेली नाही.

त्या लग्नाला जाताना गाडी नाना चालवत नव्हते. मी चालवत होतो. धुळे-नागपूर एका थांब्यात, हे मी पुढे कित्येक वर्षं लोकांना सांगत होतो.

रविवारी मी जळगाव आणि मलकापूरला स्वतः जाऊन आलो. जळगावला संडास स्वच्छ होता, पाणी होतं. मलकापूरला पहिल्या जागी कडी तुटलेली होती, म्हणून चार्जर बरा असूनही ती जागा खोडली आणि दुसरी शोधली. पुढच्या ठिकाणी फोन केले. अमरावतीचा माणूस वैतागला.

"साहेब, तुम्हाला चार्जिंग पाहिजे की संडास?"

"दोन्ही. कडी आतून लागते का, तेवढं बघून सांगा."

तो बघून आला. लागत होती.

नवा कागद झाला तेव्हा जळगाव, मलकापूर, अकोला, अमरावती असे शंभराच्या आतले टप्पे पडले. शेवटचा दीडशेचा उरत होता, म्हणून तळेगावला पाचवा थांबा घातला. तिथे चार्जर लागणार नव्हता. जागा लागणार होती.

नानांनी तो कागदही पाहिला. "पाच? अरे, गाडी आहे का यष्टी?"

"पाच," मी म्हणालो. आधी दोन थांब्यांची मी बॅटरीचं गणित मांडून सफाई देत होतो. पाचांची दिली नाही. कोणी विचारलं तर सहा सांगायचीही माझी तयारी होती.

"दोन तास उशिरा पोचशील."

"अडीच. मांडलंय मी."

नव्या कागदाचं कळल्यावर अक्का आदल्या संध्याकाळीच अमळनेरहून आमच्याकडे आली होती. निघायच्या सकाळी नाना डिझेल भरून आमच्या दाराशी आले होते. अक्काची पिशवी त्यांनी न विचारताच आपल्या गाडीकडे नेली. अक्काने ती त्यांच्या हातातून घेतली आणि माझ्या गाडीत ठेवली. मग ओट्यावर उभी राहून तिने बायकोकडून तांब्या मागवला आणि सगळ्यांसमोर पाणी प्यायला लागली.

"अगं, प्रवास आहे," नाना म्हणाले.

"म्हनीसनच पी ऱ्हायनू," अक्का म्हणाली आणि अर्धा राहिलेला तांब्या पुन्हा तोंडाला लावला.