आम्हाला आत घेणारा पब

चहा ओता, पण माझ्याकडे बघून असं आतापासूनच हसू नका. अनिकेतने तुम्हाला अर्धवट सांगितलेलं दिसतंय. तो सांगतो त्यात मसाला जास्त असतो. मी जे झालं तेच सांगतो, आणि शप्पथ, जे झालं तेच पुरेसं आहे!

आम्ही फ्रीमाँटला राहतो हे तुम्हाला माहीतच आहे. इथल्या एका छोट्या फुटबॉल क्लबचे आम्ही फॅन. फुटबॉल म्हणजे आपला, पायाने खेळायचा. अमेरिकेत हे दरवेळी सांगावं लागतं. आमचा सोळा-सतरा जणांचा ग्रुप. त्यात मी, माझी बायको सुजाता, पुण्याचा अनिकेत, आणि सगळ्यांत ज्येष्ठ वानखेडे काका.

काका नागपूरला पोस्टात होते. रिटायर होऊन लेकीकडे आले. पहिल्यांदा मॅचला आले तेव्हा त्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. आमची निळी जर्सी बघितली आणि म्हणाले, "निळी आहे ना? मग आपलीच टीम." तेव्हापासून घरच्या मैदानावरची एक मॅच चुकवली नाही माणसाने. जर्सीला इस्त्री करून येतात. जर्सीला!

तर झालं असं, की मागच्या सीझनमध्ये आम्ही दुसऱ्या शहरात मॅचला गेलो. चार तास ड्राइव्ह केलं, सगळ्यांना भूक लागलेली, स्टेडियमजवळ एक पब दिसला. दारातल्या माणसाने आमच्या जर्सीकडे बघितलं आणि हात आडवा धरला. "आज तुमच्यासाठी नाही."

आम्ही काय, वैतागलो, दोन शिव्या हासडल्या आणि टाको ट्रकवर जाऊन खाल्लं. काकांनी काही खाल्लं नाही. परतीच्या वाटेवर गाडीत फक्त एवढंच म्हणाले, "मिलिंद, जिथं मला दारात थांबवते, तिथं मी दुसऱ्यांदा जात नाही. एवढं एक आयुष्यात पाळलं आहे."

मग पुढच्या बाहेरगावच्या मॅचला काका येईनात. गुडघा दुखतो म्हणाले. आता गुडघा कुठे दुखत होता ते मला कळत नव्हतं का? आमच्या घराण्याला दारात थांबणं म्हणजे काय ते पुस्तकात वाचावं लागलेलं नाही.

म्हणून या वेळी मी ठरवलं. सॅक्रामेंटोच्या पलीकडच्या एका शहरात मॅच होती. तिथे पब असा शोधायचा, की काकांना दारात कोणी हटकणार तर नाहीच, वर "या, बसा" म्हणून खुर्ची ओढून देईल. सगळ्यांसमोर छाती ठोकून सांगितलं, "पबचं माझ्याकडे लागलं."

ऑफिसला जाता-येता गाडीतून फोन सुरू केले. एका ठिकाणी म्हणाले, या, पण जर्सीवर जॅकेट घाला. ऑगस्टमध्ये! दुसरीकडे म्हणाले, मॅचच्या दिवशी फक्त आमचे लोक. तिसऱ्या ठिकाणी एका म्हातारीने फोन उचलला. थकलेला, मऊ आवाज.

मी म्हटलं, "शनिवारी आम्ही येतोय. निळ्या जर्सीवाले. चालेल ना?"

ती म्हणाली, "तुम्ही येणार? इतक्या लांबून?"

"हो! सोळा जण. जर्सी घालून आलो तर तुमची हरकत नाही ना?"

त्यावर ती इंग्रजीत जे म्हणाली त्याचा मी अर्थ घेतला, 'टॉमला फार आवडेल.' ती म्हणाली होती, 'टॉमला फार आवडलं असतं.' आता तुम्हीच सांगा, संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये, बाजूने ट्रक धडधडत असताना, एवढं व्याकरण कोणाला ऐकू येतं? मी समजलो, टॉम म्हणजे मालक.

"आम्ही गाणी म्हणतो," मी म्हटलं. "ड्रमही आणतो."

तिकडून नाक ओढल्यासारखा आवाज आला. मला वाटलं सर्दी. मी आणखी जोरात म्हटलं, "आम्ही कित्येक महिने या शनिवारची वाट बघतोय!"

मग अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "हो. शेवटी शेवटी आम्हीही."

मी समजलो, सीझन संपत आलाय म्हणून म्हणतेय! हसू नका हो. मी तिला वर "विश यू लक" म्हणून फोन ठेवला.

मग काकांच्या घरी गेलो. म्हटलं, "काका, पब मिळाला. बाई इतकी चांगली आहे, आपण येणार म्हणून अक्षरशः रडायच्या बेतात होती."

काकांनी चष्मा काढला, पुसला. "काहून?"

"माणुसकी, काका!"

काका आले. इस्त्रीची जर्सी, डोक्यावर निळी टोपी.

शनिवारी दुपारी पबसमोर गाड्या लावल्या. अनिकेतने ढोल अडकवला, सुजाताने ताशा. गणपतीच्या मिरवणुकीत वाजवतो तोच आमचा संच, मॅचलाही तोच. मी म्हटलं, "एंट्री दणक्यात झाली पाहिजे. काकांना पुढे ठेवा." आणि दार ढकलून आम्ही आत शिरलो. ढोल, ताशा, आरोळ्या, मी दोन्ही हात वर करून काकांसोबत सगळ्यांत पुढे.

आत चाळीसेक माणसं होती. सगळी लाल जर्सीत, सगळी उभी, आणि सगळ्यांच्या माना खाली.

ताशा आधी थांबला. सुजाताला नेहमीच लवकर कळतं. अनिकेतच्या ढोलावर आणखी चार ठोके पडले, मग तोही थांबला. माझे हात वरच होते. कोणीतरी सांगेपर्यंत ते खाली घ्यायचे असतात हेच मला सुचेना.

बारवर फुलं होती, मेणबत्ती होती, आणि एका मोठ्या फोटोत खांद्यावर हात टाकून हसणारी दोन माणसं.

अनिकेत माझ्या कानात, "यार, काय आहे हे?"

"मयत."

"कोणाची?"

"टॉमची. बहुतेक."

"बहुतेक?!"

सुजाता दात आवळून म्हणाली, "आत्ताच्या आत्ता सॉरी म्हण आणि सगळ्यांना बाहेर काढ." बायकोचं ऐकावं हा नियम मला माहीत आहे. मी तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात गर्दीतून एक बारीकशी म्हातारी पुढे आली, माझे ते वर राहिलेले हात तिने आपल्या हातात घेतले आणि म्हणाली, "तुम्ही खरंच आलात. मी डॉरथी. फोनवर मीच होते."

तिचे डोळे सुजलेले होते. त्या डोळ्यांना मी कसं सांगू, की बाई, आम्ही बिअर आणि फ्राइजसाठी आलोय?

तिने काकांकडे बघितलं. स्वतः जाऊन खुर्ची ओढली आणि म्हणाली, "तुम्ही बसा." काका बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. ती खुर्ची बघितली आणि माझी खरं बोलायची उरलीसुरली हिंमत गेली. आता सांगितलं तर या माणसाला परत उठवायचं?

"टॉमला तुम्ही कसे ओळखायचे?" डॉरथीने विचारलं. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती.

"मॅचला भेटलो होतो," मी म्हटलं.

"कोणत्या?"

"ती... आम्ही हरलो होतो ती."

सगळे हसले. भरल्या डोळ्यांनी हसले. एकजण म्हणाला, "टॉम हरणाऱ्याला हमखास ड्रिंक पाजायचा." मी मान डोलावली. "हो ना, मला पाजलं." झालं! एक खोटं बोललो की दुसरं बोलावंच लागतं आणि तिसरं आपलं आपण येतं. डॉरथी म्हणाली, "मग दोन शब्द बोला ना. त्याच्या पाहुण्यांपैकी कोणीतरी बोलावं असं मला फार वाटत होतं."

सुजाताने डोळे मिटून घेतले.

मी बारजवळ गेलो. फोटोकडे बघितलं. दोन माणसं. एक किडकिडीत, चष्म्याचा, जरा बाजूला. दुसरा मधोमध, पिंपासारखा, पांढऱ्या झुपकेदार मिशा, तोंडभर हसणारा. पबचा मालक म्हटल्यावर तुम्हीही तोच धरला असता. सांगा, धरला असता की नाही?

मी सुरू केलं. आणि एकदा सुरू झालो की मी वाहवत जातो. म्हटलं, टॉमला बघितलं की आधी त्या मिशा दिसायच्या, मग त्या मिशांमागचं हसू. त्याचा तो भारदस्त देह दारात उभा राहिला की वाटायचं, घरचं कोणीतरी न्यायला आलंय. समोरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मला वाटलं, हेलावली. एक बाई रुमाल तोंडावर दाबून भिंतीकडे वळली. मला वाटलं, हिला फारच लागलं. मी आवाज आणखी खाली आणला आणि म्हणालो, "त्या मिशा, ते हसू... आज तो आपल्यात नाही."

आणि तो आला.

किचनचं दार उघडलं आणि त्याच मिशा, तोच देह, हातात सँडविचचा भला मोठा ट्रे. तो थबकला. माझ्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, सगळ्यांकडे बघितलं.

"थांबू नका," तो म्हणाला. "माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कोणी बोललेलं नाही."

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगू? कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कोणी हसलं नाही. सगळे डॉरथीकडे बघत होते. टॉम तिचा नवरा. पन्नास वर्षांच्या संसारातला. आणि मी तिच्या नवऱ्याच्या मयतीत भलत्याच माणसाला मारून बसलो होतो.

मग मात्र खरं सांगितलं. मान वर न करता सांगितलं. "मी टॉमला ओळखत नव्हतो. कधी भेटलो नाही. आम्हाला आत घेईल असा पब मी शोधत होतो. मागच्या वेळी एका ठिकाणी आम्हाला दारातून परत पाठवलं. या काकांना पुन्हा तसं होऊ नये, एवढंच होतं. तुम्ही काय म्हणालात ते मी नीट ऐकलंच नाही. आम्ही जातो."

डॉरथी म्हणाली, "फॅन्सच्या पेजवर मी टॉम गेल्याचं आणि आज इथे जमणार असल्याचं टाकलं होतं. तुमचा फोन आला तेव्हा वाटलं, ते वाचून बाहेरच्या कोणालातरी त्याची आठवण आली." तिचा आवाज फुटला. "तो मॅचच्या दिवशी दारात उभा राहायचा. बाहेरगावचे लोक दिसले की हाका मारून आत बोलवायचा. आमचे लोक चिडायचे त्याच्यावर. आजारी पडल्यापासून दारात कोणी उभं राहिलं नाही, आणि बाहेरचं कोणी आलंही नाही."

मग तिने डोळे पुसले. "तुम्ही आत घेणारा पब शोधत होतात ना? मग बरोबर आला आहात. बसा."

आणि मग ती हसली. आधी थोडंसं, मग त्या मिशीवाल्याकडे बघून पोट धरून. तो टॉमचा धाकटा भाऊ, रॉय. ती हसली तशी सगळी खोली हसली. हसता हसता अर्धे लोक रडत होते. मीही त्यातच होतो, पण मी नक्की कशासाठी रडत होतो ते विचारू नका.

काका उठले. त्यांनी डॉरथीला त्यांच्या त्या सावकाश, पोस्टातल्या इंग्रजीत विचारलं, "मॅडम, आमच्याकडे माणूस गेला की आम्ही वंदना घेतो. परवानगी आहे का?" तिने मान हलवली. काकांनी फोटोपुढे हात जोडले, त्रिसरण पंचशील म्हटलं. सुजाताने आणि मी मागून साथ दिली. लाल जर्सीवाल्यांना एक अक्षर कळत नव्हतं, पण एकही जण हलला नाही. नंतर डॉरथी म्हणाली, "फोनवर ड्रम म्हणाला होतात." सुजाताने ताशा घेतला आणि अगदी संथ वाजवला. ताशा असा वाजू शकतो हे मला लग्नाला अकरा वर्षं होऊनही माहीत नव्हतं.

मॅच? हरलो. तीन-शून्य. त्याचं काय एवढं!

स्टेडियमकडे निघताना डॉरथी काकांना दारापर्यंत सोडायला आली. काका म्हणाले, "पुढच्या वर्षी पण येतो, मॅडम." मी मागून हळूच सटकत होतो, तर रॉयने खांद्यावर पंजा ठेवला.

"तू मात्र नक्की ये," तो म्हणाला. "माझ्या वेळेला हेच भाषण पाहिजे, शब्द न शब्द. घरच्यांना सांगून ठेवतो, की फोटो माझ्या एकट्याचा लावा."