घरी येणं-जाणं आहे

कप रिकामा होता. सोनेरी काठाचा, बशीसकट. दादासाहेबांच्या सुनेने तो माझ्या मायच्या हातात दिला. मायने आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मोबाइल धरून उभा असलेला एजंट म्हणाला, "मावशी, ओठाले लावा. फोटोत चहा थोडाच दिसते?"

मायने लावला. बाबांनी लावला. मीही लावला. समोरच्या खुर्चीत दादासाहेब खरा चहा पीत होते. त्यांच्या कपातली वाफ फोटोत स्पष्ट दिसते.

फोटो झाला तशी सुनेने कप उचलले आणि आम्हाला बाहेर ओट्यावर बसायला सांगितलं. तिथं चहा मिळाला, कागदी कपात. चहा चांगला होता, वेलची घातलेला. मी तो प्यायले आणि वर "थँक्यू काकू" म्हणाले. सव्वीस वर्षांची होते. नर्सिंगची पदवी घेतलेली. दवाखान्यात ज्यांची शीर सापडत नाही त्यांना सुई लावायला डॉक्टर जिची वाट पाहतात, ती मी. तरी म्हणाले.

हे फोटो कशासाठी, ते सांगते. परदेशातल्या एका विद्यापीठात मला पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला होता. सरकारी शिष्यवृत्तीच्या यादीत माझं नाव आलं नाही. बँकेला तारण हवं होतं, आणि आमचं घर दोन खोल्यांचं, त्याचा धड उतारा नाही. व्हिसासाठी तर दाखवावंच लागतं, की तिथला खर्च कोण उचलणार. नांदुऱ्याला स्टेशनजवळ ऑफिस थाटून बसलेला एक एजंट होता. त्याने विचारलं, तुमच्या गावात मोठा माणूस कोण?

मी लगेच दादासाहेबांचं नाव सांगितलं. कोणी माझ्या तोंडात घातलं नाही. मीच सांगितलं.

आमचं गाव जळगाव जामोदपासून आत, सातपुड्याच्या पायथ्याला. गावाच्या तीन बाजूंना दादासाहेबांची शेती. माय त्यांच्या शेतात निंदायला, कापूस वेचायला जायची. तरी आमची त्यांची ओळख नव्हती. त्यांना मायचं नाव माहीत नव्हतं. "वस्तीतल्या बाया" आल्या का, असं ते मुकादमाला विचारायचे, त्या बायांमध्ये ती एक. मी तर त्यांच्यासमोर कधी उभीही राहिले नव्हते. अनोळखी माणूस परगावचाच असतो असं काही नाही.

एजंट त्यांच्याकडे जाऊन आला आणि ते तयार झाले. पहिल्या वर्षाचा खर्च ते करतील, मी कमावायला लागले की परत करीन, असं ठरलं. सगळं तोंडी. पुढे ते नाही म्हणाले तर काय, हे मी विचारलं नाही. ते हो का म्हणाले, हेही विचारलं नाही. मला ते देवमाणूस वाटले. हो, मलाच, जिच्या घरात देव नाही.

एजंट म्हणाला, परका माणूस उगाच खर्च का करेल, असं व्हिसावाले विचारतात, म्हणून नातं दाखवायचं. "जवळचे कौटुंबिक स्नेही." तसं पत्र मी माझ्या हातानं लिहिलं, इंग्रजीत. त्यातलं एक वाक्य अजून पाठ आहे. आमचं एकमेकांच्या घरी येणं-जाणं आहे. लिहिताना हात अडखळला नाही. इंग्रजीत ते वाक्य फार सभ्य दिसत होतं.

मग पुरावा म्हणून फोटो. एका दुपारी तीन प्रसंग काढायचे होते. दिवाळी, वाढदिवस, राखी. कपडे बदलायला आम्हाला गोठ्याजवळची ढेपीची खोली दिली. गुरांच्या ढेपीच्या पोत्यांआड माय आणि मी साड्या बदलत होतो. तिच्या पाठीला भुसा चिकटला, तो मी झटकला. माय एवढंच म्हणाली, "लवकर आटप, बाई." राखीच्या फोटोला दादासाहेबांच्या धाकट्या मुलाने हात पुढे केला. मी राखी बांधली. आम्ही फाटकाबाहेर पडायच्या आत त्याने ती कात्रीने कापली. मला दिसलं. मी बाबांना सांगितलं नाही. त्यांनीही पाहिलं होतं, हे मला खूप नंतर कळलं.

फोटो झाले, खर्च उचलण्याच्या प्रतिज्ञापत्रावर दादासाहेबांची सही राहिली. कागद पाठवायची तारीख जवळ येत होती. आम्ही तीनदा गेलो आणि तीनदा ओट्यावर बसून परत आलो. साहेब झोपलेत. साहेब शेतात गेलेत. साहेब फोनवर आहेत. चौथ्यांदा ते बाहेर आले आणि दाराच्या चौकटीत उभे राहिले. वयाने बाबांपेक्षा लहान, पण बाबांना अरे-तुरे. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पोरीचं काम होऊन जाईन. तेवढा तो पांदणीचा अर्ज मांगं घेऊन टाक."

पांदण म्हणजे शेतांमधून जाणारी गाडीवाट. आमच्या वस्तीतून स्मशानाकडे जाणारी पांदण दादासाहेबांच्या शेताच्या कडेनं होती. त्यांनी ती नांगरली आणि शेतात घेतली. तेव्हापासून आमची माणसं प्रेत घेऊन नाल्यातून जातात. वाट मोकळी करून द्या, असा अर्ज वस्तीनं तहसीलदाराकडे केला होता. तो बाबांनी लिहिलेला. बाबा दहावी शिकलेले, वस्तीतले सगळे अर्ज तेच लिहायचे. तहसीलमधले बाबू अक्षर पाहूनच ओळखायचे की हा अर्ज कुठून आला. पहिली सही बाबांची, खाली वस्तीचे अंगठे आणि सह्या.

बाबा ओट्यावरून उतरले. घरी आले, पाय धुतले, आणि माझी प्रमाणपत्रं ठेवलेली पत्र्याची पेटी उघडून कोरा कागद काढला. वाटेबाबत आमची काही तक्रार राहिलेली नाही, असं त्यांनी त्याच वळणदार अक्षरात लिहिलं. मी समोर बसले होते. बाबा, नको, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. मी म्हणाले नाही. त्यांचं पेन मध्येच चालेना, तेव्हा मी त्यांना माझं पेन दिलं.

दुसऱ्या दिवशी दादासाहेबांनी सही केली.

श्रावणात सखूआजी गेली. मायचं बाळंतपण तिनेच केलं होतं, मी तिच्याच हातांवर जन्मले. नाल्याला मांडीएवढं पाणी होतं. चौघांनी तिरडी खांद्यावरून वर उचलून धरली. पुढे डाव्या बाजूला बाबा. मधोमध त्यांचा पाय घसरला, तिरडी कलली आणि आजीचा एक हात कापडातून सुटून पाण्याला लागला. मी अलीकडच्या काठावर बायांमध्ये उभी होते. बाबांनी अर्ज मागं घेतल्याचं वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. कोणी बाबांची गचांडी धरली असती तर बरं झालं असतं. कोणी धरली नाही. सखूआजीची सून माझ्याजवळ आली, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जाऊ दे. तू तं शिकून राह्यली ना. आमाले तेवढंच पुरे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारीची शेवटची वाट देऊन मी व्हिसा मागत होते, आणि तिचीच सून मला आशीर्वाद देत होती. मी मान खाली घालून तो घेतला.

पंधरा दिवसांनी मेल आला. मी ड्यूटीवर होते, एका पेशंटचं सलाइन बदलत होते. नकार होता. खर्च उचलणाऱ्याशी सांगितलेलं नातं खरं आढळलं नाही. फोटो एकाच दिवशी काढलेले दिसतात. अर्जदाराने चुकीची माहिती दिली. मी मोबाइलवर ते फोटो मोठे करून पाहिले. दिवाळी, वाढदिवस, राखी, तिन्हींत दादासाहेबांच्या डोक्यामागे भिंतीवर कॅलेंडर आहे आणि तिन्हींत मार्चचं पान. आम्ही साड्या बदलल्या, पान कोणी बदललं नाही. त्या घरात आमच्यापैकी एकानेही मान वर करून भिंतीकडे पाहिलं नव्हतं.

एजंटने माझे फोन उचलणं बंद केलं. मी दादासाहेबांकडे गेले, एकटी. ते ओट्यावरच्या झोपाळ्यावर बसले होते. मी खाली अंगणात उभी राहिले आणि विचारलं, तुम्हाला व्हिसाच्या ऑफिसातून फोन आला होता का?

"आला होता ना," ते म्हणाले. "एक बाई होती, हिंदीत बोलत होती. तिनं पुसलं, यायच्या घरी तुमी जाता काय? म्या सांगतलं, नाई. जेवता काय यायच्याकडं? म्या म्हटलं, नाई, आमच्यात तशी पद्धत नाई. आता मी खोटं काऊन बोलू?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. लबाडीही नव्हती. खरं बोलल्याचं समाधान होतं. प्रतिज्ञापत्रावर "कौटुंबिक स्नेही" या शब्दांखाली त्यांचीच सही होती, पण त्यांना कोणी जाब विचारणार नव्हतं. ते खोटं माझ्या नावावर चढलं. यापुढे कुठल्याही देशाचा फॉर्म भरताना मला ते सांगावं लागेल. आणि सगळ्यांत जास्त टोचलं ते हे, की फोनवर ते खरंच बोलले होते. आमच्या गावात येणं-जाणं नाही. ते मला जन्मापासून माहीत होतं, आणि मी आहे म्हणून लिहिलं होतं.

मी अजून उभीच आहे हे बघून ते जरा मऊ झाले. म्हणाले, "पुढच्या बारीले पाहू. म्या सही देतो. फक्त बापाले सांगजो, तो अर्ज काई पुन्हा देऊ नको म्हणा."

इतके महिने मला लाज वाटत होती ती मायच्या विटक्या साडीची. बाबांच्या शिवलेल्या चपलेची. त्या घरात जाताना मी बाबांना चपला फाटकाबाहेर काढायला सांगायचे, का तर त्या ओट्याजवळ दिसू नयेत. जी वाटायला हवी होती ती लाज त्या अंगणात उभी असताना वाटली. मी बाबांना दिलेल्या पेनाची.

त्यांच्यासमोर मी नेहमी पुस्तकातली मराठी बोलायचे. त्या दिवशी घरची बोली आली.

"दादासाहेब, कप रिकामे होते, ते सांगतलं काय तुमी फोनवर?"

झोपाळा थांबला. "काय?"

"आमाले रिकामे कप दिले होते. खरं बोलून राह्यले होते, तं ते बी सांगाचं होतं."

सून दारात आली होती, ती आत गेली.

"तुमची सही आता मले नको," मी म्हणाले. "आन् अर्ज येईन. पहिली सही माही राहीन."

मी वळले. फाटकापर्यंत पोचेन की नाही असं वाटत होतं. पोचले.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. माय चुलीपुढे बसून ऐकत होती. पेटीतून कोरा कागद काढून मी बाबांसमोर ठेवला. त्यांनी पेन हातात घेतलं आणि तसंच खाली ठेवलं.

"माह्या अक्षरावर आता कोण भरोसा ठेवीन?" ते म्हणाले.

म्हणून मी लिहिला. माझं अक्षर वाईट आहे, पेशंटच्या चार्टवर घाईनं लिहून बिघडलेलं. पण सगळं लिहिलं. वाट कुठून होती, कोणी नांगरली. आधीचा अर्ज का मागं घेतला गेला, कोणाच्या सहीच्या बदल्यात, आणि ती सही कोणासाठी होती. तिथं माझं नाव पूर्ण लिहिलं. त्याच संध्याकाळी व्हिसाच्या ऑफिसलाही एक पत्र लिहिलं. फोटो एकाच दिवशी काढले, नातं नव्हतं, येणं-जाणं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. त्यानं माझ्या नावावरचा डाग निघणार नाही. निघावा म्हणून लिहिलंही नाही.

मग अर्ज घेऊन घरोघर फिरले. काहींनी लगेच सही केली. काहींनी विचारलं, पुन्हा मागं घेशीन काय? मी अर्जातलं माझं नाव दाखवलं; विचारायचा त्यांना हक्क होता. सखूआजीच्या सुनेने मला दारात बराच वेळ उभं ठेवलं. तिने सगळा अर्ज माझ्याकडून वाचून घेतला, माझं नाव आलं तिथं एकदा थांबायला लावलं, आणि मग अंगठा दिला. या वेळी तिने डोक्यावरून हात फिरवला नाही. मला तेच बरं वाटलं.

तहसीलमधून अजून काही आलेलं नाही. दादासाहेबांच्या शेतात मायला काम मिळायचं बंद झालं आहे. लोक विचारतात, पोरी, आता बाहेरदेशी जात नाहीस का? जाणार आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी करीन, यादीत नाव येईपर्यंत करीन, आणि मी एकदा खोटं लिहिलं होतं, हे फॉर्मवर माझ्या हातानं लिहून देईन. खर्च कोण करणार या रकान्यात अनोळखी माणसाचं नाव आता कधी येणार नाही.

पण आधी ती पांदण. आमच्या वस्तीतलं पुढचं माणूस नाल्यातून जाणार नाही. ते त्या नांगरलेल्या वाटेनंच जाईल, पीक उभं असो नाहीतर पोलीस उभे असोत. आणि पुढच्या बाजूचा डावा खांदा, नाल्यात जो बाबांचा होता, तो माझा असेल.