तिसरं दार

दाताच्या दवाखान्यात ती काउंटरवर बसायची आणि दिवसातून साठ-सत्तर वेळा "पुढचे!" म्हणून ओरडायची. त्यामुळे गल्लीत तिचं नावच पडलं, पुढचेबाई. घाबरलेल्या माणसाला गोड बोलून खुर्चीपर्यंत न्यावं तर पुढचेबाईनेच. पण रविवारी घरी हीच बाई माणसांना असं काही पिटाळायची, की ती पुन्हा फिरकायचीच नाहीत.

त्याला कारण एक पत्र्याची पेटी. पेटीत नकाशे, वीस बाजूंचे फासे आणि तिने स्वतः रचलेली एक गुहा. खेळ तसा साधा. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं कुणीतरी व्हायचं, योद्धा, चेटकीण, चोर, आणि "मी आता अमुक करतो" म्हणायचं. जमलं की फसलं, ते फासा ठरवणार. गुहेला तीन दारं आणि तिसऱ्यामागे ड्रॅगन. त्या ड्रॅगनवर तिने चार पानं इतका जीव ओतून लिहिली होती की विचारू नका! अकरा वर्षांत ती कुणी ऐकली असतील तर शपथ. मैत्रिणी पहिल्याच दाराशी जांभया देत उठल्या, दवाखान्यातली मंडळी दुसऱ्या दाराशी भांडून गेली. दुसरं होणार काय? बाई आधी दीड तास नियम वाचून दाखवायची! पोहायला आलेल्याला काठावर बसवून पाण्यावर व्याख्यान द्यायचं, त्यातली गत.

आता बाहेरचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून तिने घरचीच धरून बसवली. मनाशी मात्र ठरवून टाकलं होतं. आज ड्रॅगनपर्यंत कुणी पोचलं नाही, तर पेटी वाचनालयाला देऊन टाकायची आणि परत या खेळाचं नाव काढायचं नाही.

टेबलाशी तिघं होती. नवरा, कुलूप-किल्लीचं दुकान चालवणारा दीर आणि बस स्टँडच्या तिकीट खिडकीत तीस वर्षं काढलेल्या सासूबाई. बाईने जाडजूड वही उघडली. "नियम पहिला..."

"ते राहू दे गं," सासूबाई म्हणाल्या. "मी कोण, ते सांग आधी."

"तुम्ही चेटकीण."

"वा! म्हणजे तुझ्या माहेरी म्हणतात तेच."

पहिल्या दाराशी तीन राक्षस एकदम अंगावर आले. सासूबाईंनी जादूची काठी नाही, नुसतं बोट उगारलं. "ए! ढकलाढकली नको! एकेक या, रांग लावा!" फासा टाकला तर थेट वीस. आता वीस म्हणजे बोलाल ते घडणार, नियम बाईचाच. तिघा राक्षसांना मुकाट्याने रांगेत उभं करावं लागलं. दुसऱ्या दाराशी योद्धा झालेल्या नवऱ्याने "इथे जरा टेकायला काही आहे का?" विचारलं आणि नेमका त्याच दगडावर बसला, ज्याने दार उघडायचं होतं. आळशाचं नशीबही कधीकधी कामाला येतं.

मग तिसरं दार आलं. दीर चोर झाला होता.

"दाराला कुलूप आहे," बाई म्हणाली.

"कसलं? किती लिव्हरचं?"

"म्हणजे... मोठं आहे. जुनं."

"मोठं, जुनं! वहिनी, हे काय वर्णन झालं?" त्याने पिशवीतून आपल्या तारा काढल्या आणि दहा मिनिटं कुलपाची कुंडली मांडली. शेवटी कसाबसा फासा टाकला. आले दोन. वहीत स्वच्छ लिहिलं होतं, पाचाच्या खाली आलं की कुलूप उघडत नाही, सगळे खड्ड्यात पडतात, खेळ खलास.

"नाही उघडलं," बाई हळूच म्हणाली.

दिराचा चेहरा पडला, मग लालबुंद झाला. "बावीस वर्षं झाली धंद्यात. एकाही दारावरून हात हलवत परत आलो नाही मी. एकाही! आणि हा प्लास्टिकचा खडा मला शिकवणार?" त्याने तारा पिशवीत कोंबल्या आणि खुर्ची मागे सरकवली.

बाईला वाटलं, संपलं, गेली पेटी. आणि तेवढ्यात तिला त्याचा चेहरा ओळखीचा वाटला. खुर्ची बघून दवाखान्याच्या दाराकडे वळणारा पेशंट अस्साच दिसतो. त्याला ती कधी नियम वाचून दाखवत नाही. "तुमच्यात काही खोट नाही हो, खुर्चीच मेली उंच आहे," म्हणते आणि बसवते.

"भावजी, पुरतं ऐका तरी! कुलूप तुम्ही उघडलंत. टक्क आवाज झाला. पण बिजागऱ्या गंजल्यात, दार हलत नाहीये. आणि त्या करकरीने आत काहीतरी जागं झालंय."

दीर थबकला. "बिजागऱ्या?"

"बिजागऱ्या."

"मग तसं बोला ना! ते सुताराचं काम, माझं नव्हे." आणि बसला. "दादा, लाव खांदा."

दादाने खांदा लावला, चौदा आले, दार उघडलं.

बाईने पिवळी पडलेली चार पानं काढली. वाचायला लागली. कुणी जांभई दिली नाही, नवऱ्याचा चहा तसाच निवून गेला. तिने वाचलं, ड्रॅगन वर्षानुवर्षं एकाच जागी बसून आहे, दाराकडे डोळे लावून, आणि तिथे पानं संपली. पुढचं तिने कधी लिहिलंच नव्हतं. इथवर कुणी आलंय कुठे?

"मग?" सासूबाई म्हणाल्या.

"मग काय, वहिनी?" दीर पुढे सरकला.

अकरा वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. डोळे पाण्याने भरले. तिने नियमांची वही मिटून पेटीत टाकली आणि पदराने नाक पुसलं.

"मग तुम्ही सांगा. ड्रॅगन समोर आहे. काय करता?"

सासूबाईंनी चष्मा सावरला. "एकटाच आहे ना? मग रांग नको. इतकी वर्षं ताटकळलाय बिचारा. त्याला विचार, कुठे जायचंय?"