विचारण्याआधीचं उत्तर

डॅन्यूब नदीवर धुकं उतरलं की रोझविताबाईंना पलीकडचा काठ दिसेनासा व्हायचा, आणि मग तो जास्तच आठवायचा. प्रयोगाचं अलीकडचं टोक त्यांच्या हाती, पलीकडचं वेंडेलिनरावांच्या. मधून प्रकाशाचे जुळे कण निघायचे, एक बाईंकडे, एक रावांकडे. दोघांनी आपापल्या कणाला प्रश्न विचारायचा, म्हणजे मोजणी करायची, नि उत्तर टिपायचं. मोजणी चालू असताना एकमेकांशी चकार शब्द बोलायचा नाही, हा नियम. सोमवारी कॉफीहाउसात उत्तरं ताडून पाहायची. ती अशी जुळायची, की घरून ठरवून निघालेल्यांचीसुद्धा जुळणार नाहीत!

"ठरवूनच निघत असणार मेले," खसखशीच्या केकवर काटा आपटत बाई म्हणायच्या. "उत्तर कणाच्या आत असतंच. आपण फक्त बघतो."

"विचारेपर्यंत उत्तरच नसतं, बाई. आकडे ओरडून सांगतायत."

"म्हणजे मी पाठ फिरवली की तुम्ही नाहीसे होता वाटतं?"

"थोडासा होतो," म्हणत राव मिशीतल्या मिशीत हसायचे.

या वादात दोघांचे केस पिकले. बाईंचा जीव रावांवर जडलाय, हे वेटरलाही कळत होतं. पण बाई तोंड उघडतील तर शपथ! रावांच्या मनात असेल तर आहेच, विचारून काय बदलणार? अहो, तत्त्वाला चिकटून राहायचं म्हणजे किती, त्याला काही सुमार! मोजणीतला अबोला यांनी संसाराच्या गोष्टीलाही लावला.

एका धुकट सोमवारी राव म्हणाले, "मी निवृत्त होतोय. शनिवारी ग्राझला निघतो, बहिणीकडे. कायमचा."

बाईंचा काटा हातातच राहिला. दोघांमधल्या टेबलावरूनच नदी वाहतेय असं त्यांना वाटलं. आणि पहिल्यांदाच भीती वाटली, आत उत्तर नसलंच तर?

"वेंडेलिनराव, राहाल का? माझ्याकडे?"

रावांनी कप खाली ठेवला. मग कान लाल झाले. "राहतो."

"बघा! इतकी वर्षं मनात होतंच ना?"

"देवाशपथ माहीत नाही हो. सकाळी तिकीट काढलं तेव्हा बहुतेक नव्हतं. तुम्ही विचारलंत, आणि झालं."

बाई हरल्या, आणि हरल्याचा केवढा आनंद झाला त्यांना! मग हळूच म्हणाल्या, "पहिल्याच सोमवारी विचारलं असतं तर?"

राव कपातल्या सायीकडे बघत राहिले. "ते तुम्ही विचारलं नाहीत, बाई. त्याला उत्तरच नाही."

बाईंना भर कॉफीहाउसात रडू फुटलं.