हाताने दिलेले दोन फेरे
परवा शिलाई मशीन पुसताना रॉकेलचा वास आला आणि औशाच्या घराच्या अंगणात रॉकेलनं धुऊन उघडून ठेवलेलं आमच्या जुन्या गाडीचं इंजिन आठवलं. तेव्हा दुसऱ्याच दिवशी तीच गाडी घेऊन मला नांदेडला नोकरीवर रुजू व्हायचं होतं. वडील जुने मेकॅनिक, पण मोतीबिंदूमुळे त्यांना चाकांवरच्या जुळवायच्या बारीक खुणा दिसत नव्हत्या, म्हणून टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनची चाल जुळवणारा दातेरी पट्टा, मी चढवला. “खुणा जुळल्या, बाबा. चावी लावू?” “लई घाई तुला! आधी पान्यानं इंजिनाला हातानं दोन फेरे दे.” तापलेल्या फरशीवर बसून मी वैतागतच पाना फिरवला. दुसऱ्या फेऱ्यात तो खट्कन अडला. “जोर लावू नको! व्हॉल्व्ह पिस्टनला भिडून राहिलाय.” ते चाचपडत आले, माझ्या हातावर हात ठेवून त्यांनी पाना जरासा मागेपुढे केला. “तीन दात चुकलीस, बाई.” मी वाकून पाहिलं. मी जिला खूण समजले, तो नुसता ओरखडा होता. खरी खूण बरोबर तीन दात पलीकडे होती. चावी फिरवली असती तर इंजिनच गेलं असतं. बेल्ट पुन्हा चढवला, दोन्ही फेरे अलगद झाले आणि खुणा केसभरही न चुकता समोरासमोर आल्या. आता माझी गाडी संगणक लावून तपासतात. पण न बघता तीन दातांची चूक ओळखणारा तो हात पाहिल्यापासून कुठल्याच यंत्राचं मला नवल वाटलेलं नाही.